शासकीय कर्जमर्यादा व समतोल अंदाजपत्रक

शासकीय कर्जमर्यादा व समतोल अंदाजपत्रक : शासनाने किती, कोणाकडून व कोणत्या कारणांसाठी कर्ज उभारावे, यावर संविधानाने, कायद्याने अथवा रूढ संकेताने घातलेले बंधन म्हणजे शासकीय कर्जमर्यादा होय. एका वित्तीय वर्षातील शासनाचा खर्च त्याच वर्षातील उत्पन्नातून भागत असेल, तर त्या अंदाजपत्रकास समतोल अंदाजपत्रक म्हणतात. या दोन संकल्पना परस्परांशी निगडित असल्या, तरी त्या एकच नव्हेत. समतोलाचा नियम कर्ज मुळातच नको असे सांगतो. मर्यादेचा नियम कर्ज मान्य करून त्याची सीमा ठरवितो.

शासनाचे हिशेब दोन लेख्यांत विभागलेले असतात. कर, शुल्क, अनुदाने इत्यादींपासून मिळणारे उत्पन्न आणि वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अर्थसाहाय्य व दैनंदिन प्रशासन यांवरील खर्च महसुली लेख्यात दाखविला जातो. धरणे, रस्ते, इमारती यांसारख्या टिकाऊ मत्तांवरील खर्च, तसेच कर्जाची उभारणी व परतफेड भांडवली लेख्यात येते. महसुली खर्च महसुली उत्पन्नापेक्षा जितका अधिक, तितकी महसुली तूट. आणि कर्जे वगळून उरलेल्या सर्व जमेपेक्षा एकूण खर्च (कर्जफेड वगळून) जितका अधिक, तितकी राजकोषीय तूट होय. राजकोषीय तूट म्हणजे त्या वर्षी शासनास कराव्या लागणाऱ्या निव्वळ कर्जाचे माप. समतोल कोणत्या लेख्याचा साधावयाचा, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

स्थानिक संस्थांवरील बंधने : शासनाची पातळी जसजशी वर जाते, तसतसे कर्जावरील बंधन सैल होत जाते. मुंबई-आग्रा महामार्गावरील, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर (जि. धुळे) हे गाव घेतल्यास ही बाब स्पष्ट होईल. तेथील ग्रामपंचायतीस १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज आगाऊ तयार करावा लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी व शासकीय अनुदाने हीच तिची मुख्य साधने. तिला नोटा छापता येत नाहीत, की बाजारात रोखे सहज विकता येत नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील ठरावीक अंश एकत्र करून जिल्हा परिषदेकडे जिल्हा ग्रामविकास निधी ठेवलेला असतो व त्यातून ग्रामपंचायतींना विकासकामांसाठी कर्ज मिळू शकते. म्हणजे गावाने घ्यावयाचे कर्ज हे जिल्ह्यातील गावांनीच साठविलेल्या पैशांतून येते. समतोल अंदाजपत्रक ही येथे तात्त्विक निवड नसून व्यवहारातील अपरिहार्यता आहे.

नगरपालिका व महानगरपालिका यांना कर्ज उभारण्याचा अधिकार अधिक विस्तृत आहे. तथापि त्यासाठी राज्यशासनाची पूर्वमान्यता लागते. स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम, १९१४ अन्वये कर्ज कोणत्या कामासाठी व कोणत्या तारणावर घ्यावे, हे नियंत्रित केलेले आहे. मात्र केवळ मान्यतेची अट पुरेशी नसते, हे खानदेशातीलच एका उदाहरणावरून दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने घरकुलांच्या मोठ्या योजनेसाठी गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाकडून (हुडको) कर्ज घेतले. योजना अपुरी राहिली. कर्जाच्या हप्त्यांचा बोजा मात्र २००३ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेवर पडला. या प्रकरणी धुळे येथील विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक माजी पदाधिकारी व नगरसेवक यांना दोषी ठरविले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. फौजदारी बाजू वेगळी ठेवली, तरी वित्तीय बोध स्पष्ट आहे : कर्जातून मत्ता उभी राहिली नाही, तर पुढील काळातील करदात्यांच्या वाट्यास केवळ देणे उरते. याउलट पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात विकले. अशा रोख्यांच्या विक्रीपूर्वी पतमापन संस्थेकडून पालिकेचे हिशेब तपासले जातात. कर्ज देणाऱ्याची अशी चिकित्सा हाही एक प्रकारे मर्यादेचाच भाग होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मराठी राज्यात शासकीय कर्जाची समस्या जुनी आहे. मोहिमांच्या खर्चासाठी पेशवे सावकारांकडून कर्जे काढीत. शिवाय कमाविसदारांकडून पुढील वसुलापोटी आगाऊ रक्कम, म्हणजे रसद, घेतली जाई. ही रसद वस्तुतः उद्याच्या उत्पन्नावर आज केलेला खर्च असे. थोरल्या माधवरावांनी कर्जफेडीस मोठे महत्त्व दिले आणि १७७२ मध्ये मृत्यूपूर्वी लिहवून घेतलेल्या कलमांत राज्याचे कर्ज फेडण्याविषयी सूचना केल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांचा वसूल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. तातडीची रोकड मिळविण्यासाठी रयतेच्या करदानक्षमतेची झीज करण्याचाच हा मार्ग होता.

ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वजनिक कामांचे उत्पादक व संरक्षक असे दोन वर्ग करण्यात आले. ज्या कालव्यांच्या किंवा रेल्वेमार्गांच्या उत्पन्नातून कर्जाचे व्याज भागेल, ती उत्पादक कामे. त्यांसाठी कर्ज काढणे योग्य मानले जाई. दुष्काळनिवारणासाठी उपयुक्त, परंतु व्याजाइतके उत्पन्न न देणारी कामे ही संरक्षक. त्यांचा खर्च मुख्यतः महसुलातून करावा, असे धोरण होते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळाच्या तरतुदीसाठी राखून ठेवण्याचे ठरले. दुष्काळ नसलेल्या वर्षी या रकमेचा विनियोग संरक्षक कामे व कर्जकपात यांसाठी व्हावयाचा होता. चांगल्या वर्षी शिल्लक व वाईट वर्षी तूट, हे तत्त्व त्यामुळे भारतीय वित्तव्यवहारात बरेच आधी आले.

समतोलाच्या आग्रहातील दुसरा धोका गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिला. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाने खानदेशासह मुंबई इलाख्यातील रयत होरपळली असतानाही हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकात शिल्लक दाखविली जात होती. केंद्रीय विधिमंडळात २६ मार्च १९०२ रोजी केलेल्या अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणात गोखले यांनी, ही शिल्लक लोकांच्या समृद्धीची निदर्शक नसून गरजेपेक्षा अधिक ठेवलेल्या करभाराची निदर्शक आहे, असे प्रतिपादन केले. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये करण्यात आला आणि प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. अंदाजपत्रकाचा समतोल आणि अर्थव्यवस्थेचा समतोल या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

समतोल अंदाजपत्रकाची बाजू : अ‍ॅडम स्मिथ (१७२३–९०) व त्याच्या परंपरेतील अर्थशास्त्रज्ञांनी शासकीय कर्जास विरोध केला, तो प्रामुख्याने उत्पादक भांडवल अनुत्पादक खर्चाकडे वळते या कारणासाठी. समतोलाच्या समर्थनार्थ पुढील मुद्दे मांडले जातात : (१) कराने खर्च भागवावयाचा असल्यास शासनास त्या खर्चाची उपयुक्तता लोकांना पटवावी लागते, कर्जाने ही कसोटी टळते. (२) आजच्या उपभोगाचा भार ज्यांना अद्याप मताधिकार नाही अशा पिढीवर पडतो. (३) व्याजाचे देणे हे बांधील असल्याने शिक्षण, आरोग्य, पाटबंधारे यांसाठी उरणारी रक्कम आक्रसते. (४) शासन बाजारातून मोठी कर्जे घेऊ लागल्यास उद्योग व शेती यांना मिळणारी पतपुरवठ्याची रक्कम घटते व व्याजदर वाढतात. (५) मध्यवर्ती बँकेने नवा पैसा निर्माण करून तूट भरून काढल्यास भाववाढ होते आणि तिचा सर्वाधिक ताप मजूर व ठरावीक उत्पन्नाच्या वर्गांना होतो. जेम्स ब्यूकॅनन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यास राजकीय युक्तिवादाची जोड दिली. खर्चाचा लाभ तत्काळ व दृश्य, तर कर्जाचा भार दूरचा व विखुरलेला असल्यामुळे निवडून आलेली शासने स्वाभाविकपणेच तुटीकडे झुकतात; म्हणून समतोलाचा नियम शासनाच्या मर्जीवर न सोपविता तो संविधानातच असावा, असे त्यांचे मत होते.

समतोलाच्या नियमावरील आक्षेप : जॉन मेनार्ड केन्स (१८८३–१९४६) यांच्या विचारसरणीनुसार मंदीत खाजगी खर्च घटला असता शासनानेही खर्च आवरल्यास बेकारी वाढते व कराचे उत्पन्न आणखी खालावते. त्यामुळे समतोल वर्षाचा न पाहता तेजीमंदीच्या संपूर्ण चक्राचा पाहावा. कृषिप्रधान प्रदेशात हाच प्रश्न अवर्षणाच्या रूपाने उभा राहतो. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सु. ५० लाखांपर्यंत पोहोचली होती. ज्या वर्षी जमीनमहसूल तहकूब करावा लागतो, त्याच वर्षी खर्च अनेक पटींनी वाढतो; अशा वेळी समतोल साधण्याचा आग्रह म्हणजे कामे बंद करणे होय.

तथापि या अनुभवानंतर महाराष्ट्राने केलेली व्यवस्था समतोलाच्या तत्त्वाशी सुसंगत होती. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला व त्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम राज्यशासनाने स्वतःकडून घालावी असे ठरले. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने या व्यवस्थेस कायदेशीर अधिष्ठान दिले. नागरिकास कामाचा हक्क देताना त्या हक्काचा खर्च कोणी व कसा उचलावयाचा, हेही त्याच वेळी निश्चित करण्यात आले. शहरांतील नोकरदारांच्या कराचा पैसा ग्रामीण भागातील पाझर तलाव व बांधबंदिस्ती यांवर खर्ची पडू लागला.

दुसरा आक्षेप भांडवली खर्चासंबंधी आहे. एखाद्या गावाची नळयोजना तीस वर्षे टिकणार असेल, तर तिचा संपूर्ण खर्च एकाच वर्षाच्या पाणीपट्टीतून वसूल करणे अशक्य, तसेच अन्याय्यही होय. कारण पुढील एकोणतीस वर्षे पाणी वापरणारे लोक खर्चाचा वाटा उचलणार नाहीत. यावरून महसुली खर्च महसुली उत्पन्नातूनच भागवावा आणि कर्ज केवळ भांडवली कामांसाठी काढावे, हा नियम निघतो. अनेक अर्थशास्त्रज्ञांना तो काटेकोर समतोलाहून अधिक ग्राह्य वाटतो.

कर्जाची सुरक्षित पातळी केवळ रकमेवरून ठरत नाही. उत्पन्न दरवर्षी चालू किंमतींनुसार १२ टक्क्यांनी वाढत असेल व राजकोषीय तूट उत्पन्नाच्या ३ टक्के राखली, तर कर्जाचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण कालांतराने सु. २८ टक्क्यांवर स्थिरावते. उत्पन्नवाढ ८ टक्क्यांवर आली, तर तीच तूट हे प्रमाण सु. ४० टक्क्यांपर्यंत नेते. म्हणून तुटीची एकच टक्केवारी सर्व काळी सारखीच सुरक्षित असते, असे नव्हे.

भारतीय संविधान व कायदे : संविधानाच्या अनुच्छेद २९२ अन्वये केंद्रशासनास भारताच्या संचित निधीच्या तारणावर, संसदेने कायद्याने काही मर्यादा घातल्यास त्या मर्यादेत, कर्ज उभारता येते. राज्यांना अनुच्छेद २९३ अन्वये राज्य विधिमंडळाने घातलेल्या मर्यादेत केवळ भारताच्या राज्यक्षेत्रातच कर्ज काढता येते. आणि केंद्राचे किंवा केंद्राच्या हमीचे पूर्वीचे कर्ज थकीत असेल, तर नव्या कर्जासाठी केंद्राची संमती आवश्यक ठरते. संविधान सभेत १९४९ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संसद आपला मर्यादा घालण्याचा अधिकार गांभीर्याने वापरील, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला असल्याने या विषयाचा त्यांचा व्यासंग सखोल होता. परंतु अशी मर्यादा घालणारा कायदा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

दरम्यान केंद्राची तूट रिझर्व्ह बँकेस तदर्थ कोषागार हुंड्या देऊन भरून काढण्याची पद्धत १९५५ पासून रूढ झाली होती. ती १९९७ मध्ये बंद करण्यात आली. १९९०–९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सु. ८ टक्क्यांपर्यंत गेली होती आणि १९९१ च्या परकीय चलनसंकटाच्या कारणांत तिची गणना होते. राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम २००३ मध्ये संमत झाला व २००४ मध्ये अंमलात आला. महसुली तूट नाहीशी करणे व राजकोषीय तूट ३ टक्क्यांवर आणणे ही त्याची मूळ उद्दिष्टे होत. २००८ च्या जागतिक अरिष्टानंतर ती पुढे ढकलली गेली. २०१८ च्या दुरुस्तीने महसुली तुटीचे उद्दिष्ट वगळून केंद्राचे कर्ज ४० टक्के व केंद्र-राज्यांचे एकत्रित कर्ज ६० टक्के, असे लक्ष्य २०२४–२५ साठी ठेवण्यात आले. तेही साध्य झाले नाही. कोविड साथीच्या २०२०–२१ या वर्षी केंद्राची तूट ९ टक्क्यांहून अधिक झाली.

महाराष्ट्राने आपला स्वतंत्र अधिनियम २००५ मध्ये केला. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना द्यावयाच्या कर्जसवलतीस अशा कायद्याची अट घातली होती. त्यानंतर राज्याच्या राजकोषीय तुटीसाठी स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. २०२५–२६ च्या अंदाजपत्रकात राज्याची राजकोषीय तूट सु. १.३६ लाख कोटी रुपये, म्हणजे या मर्यादेच्या आत, अपेक्षिलेली होती; एकूण कर्ज ९ लाख कोटी रुपयांहून अधिक होणार होते. परंतु त्याच अंदाजपत्रकात महसुली तूट सु. ४६ हजार कोटी रुपये होती. म्हणजेच कर्जाच्या प्रत्येक तीन रुपयांतील सु. एक रुपया मत्तानिर्मितीसाठी नव्हे, तर चालू खर्चासाठी घेतला जाणार होता. मर्यादा पाळली गेली, तरी कर्जाच्या हेतूची कसोटी उतरलीच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

मर्यादेबाहेरील कर्ज : कर्जमर्यादा कठोर झाली, की कर्ज अंदाजपत्रकाबाहेर जाण्याची प्रवृत्ती दिसते. महाराष्ट्रात कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. कृष्णा पाणीतंटा लवादाने वाटून दिलेले पाणी २००० सालापूर्वी अडविण्यासाठी त्याने राज्यशासनाच्या हमीवर रोखे विकून मोठी रक्कम उभारली. तापी खोऱ्यासाठी १९९७ मध्ये जळगाव येथे मुख्यालय असलेले तापी पाटबंधारे विकास महामंडळ निघाले. विदर्भ, कोकण व गोदावरी-मराठवाडा यांसाठीही अशीच महामंडळे झाली. पाटबंधाऱ्यांसाठी कर्ज काढणे तत्त्वतः भांडवली खर्चाच्या नियमात बसणारे होते. प्रत्यक्षात अनेक प्रकल्प एकाच वेळी हाती घेतल्याने निधी विखुरला. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन त्यानंतरची दोन दशके अपुराच राहिला. पाणी शेतात पोहोचले नाही, तोवर पाणीपट्टीचे उत्पन्न नाही. व्याज मात्र कर्ज घेतल्या दिवसापासून चालू होते. महामंडळांच्या अशा रोख्यांचा भार अखेर राज्याच्या तिजोरीवरच येतो.

केंद्राने २०२२ मध्ये, ज्या शासकीय संस्थांच्या कर्जाचे मुद्दल व व्याज राज्याच्या अंदाजपत्रकातून फेडले जाते, त्यांची कर्जे राज्याच्या मर्यादेत धरण्याचा निर्णय घेतला. केरळ राज्याने केंद्राच्या कर्जनियंत्रणास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम दिलासा नाकारून अनुच्छेद २९३ च्या अन्वयार्थाचे प्रश्न घटनापीठाकडे सोपविले. राज्याची वित्तीय स्वायत्तता आणि देशाची एकत्रित पत यांतील सीमारेषा कोणती, हा त्यातील मूलभूत प्रश्न आहे.

इतर देशांतील नियम : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक घटक राज्यांवर समतोल अंदाजपत्रकाचे बंधन आहे, संघराज्यावर मात्र नाही. संघराज्याच्या कर्जावर १९१७ पासून वैधानिक मर्यादा असली, तरी ती वेळोवेळी वाढविली जाते. समतोलासाठीची घटनादुरुस्ती १९९५ मध्ये सीनेटमध्ये अगदी थोडक्या मतांनी फेटाळली गेली. यूरोपीय देशांनी १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहान्वये तूट ३ टक्के व कर्ज ६० टक्के या मर्यादा स्वीकारल्या. जर्मनीने २००९ मध्ये संघराज्याची संरचनात्मक तूट ०.३५ टक्क्यावर सीमित करणारी तरतूद संविधानात केली; परंतु २०२५ मध्ये संरक्षण व पायाभूत सोयी यांवरील खर्चासाठी ती सैल केली.

मूल्यमापन : कर्जाचे माप टक्केवारीने घेता येते, त्याची योग्यता मात्र टक्केवारीवरून ठरत नाही. वरील विवेचनावरून तीन कसोट्या संभवतात. पहिली, सामान्य वर्षी महसुली लेखा समतोल असावा. वेतन, व्याज किंवा २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री-माझी लाडकी बहीण’ योजनेसारखे आवर्ती साहाय्य इष्ट मानले, तरी त्यांसाठी रोजगार हमीप्रमाणे कायमचे उत्पन्न शोधावे. दुसरी, दुष्काळ, महापूर वा महामारी यांसाठी सूट असावी. परंतु चांगल्या वर्षी शिल्लक टाकण्याचे बंधन तिच्याशी जोडलेले असावे. तिसरी, शासनाने दिलेल्या हम्या व महामंडळांची कर्जे यांसह सर्व देणी एकाच ठिकाणी विधिमंडळापुढे मांडावीत. यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. कारण जे कर्ज हिशेबात दिसत नाही, त्याला कोणतीच मर्यादा लागू पडत नाही. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जातो आणि कोणत्याही ग्रामस्थाला त्याविषयी प्रश्न विचारता येतो. राज्याचे व केंद्राचे हिशेब आकाराने कितीही मोठे असले, तरी कर्ज कशासाठी घेतले व ते कोण फेडणार, हे दोन प्रश्न त्यांनाही लागू पडतात.